लिटरमागे किती किलोमीटर?

मंडळी, गाडी विकत घेताना आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? "ॲव्हरेज किती देते?" म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये ती किती किलोमीटर चालते. प्रश्न बरोबर आहे. पण उत्तर कोणी दिले, ते कसे मोजले, हेही विचारले पाहिजे. तसे न विचारल्यामुळे एक घर कर्जात फसणार होते. ते कसे वाचले, ते या पाठात सांगतो.

पाटल्यांची गोष्ट

ओतूरच्या बाजूच्या एका गावात आम्ही रात्रीच्या वर्गाला गेलो होतो. वर्ग सुटला तरी एक बाई बसून राहिल्या. वय पन्नाशीचे. दोन वर्षांपूर्वी त्या सही करायला शिकल्या. आता बेरीज, वजाबाकी, भागाकार करतात.

त्या म्हणाल्या, "गुरुजी, पोरगं मोटार घ्यायचं म्हणतंय. माळशेज घाट उतरून कल्याणला माणसं न्यायची. माझ्या पाटल्या गहाण टाकायच्या म्हणतो. मी न्हाई म्हणत न्हाई. पण हिशेब मला समजला पायजे."

मुलगा दारातच उभा होता. त्याने हिशेब सांगितला, "आई, साधी पेट्रोल गाडी लिटरला १४ जाते. माझ्या दोस्ताचीच आहे, मोजून बघितलंय. ही हायब्रिड गाडी २८ जाते. शोरूमवाल्यानं कागद दाखवला. तीन लाख जास्त पडतात, पण पेट्रोल निम्मं लागणार. तीन-सव्वातीन वर्षांत पैसे वसूल!"

मुलगा खोटे बोलत नव्हता. शोरूममधला कागदही खोटा नव्हता. तरीही हिशेबात चूक होती. ती समजण्यासाठी आधी ही गाडी कशी चालते ते पाहू.

एका गाडीला दोन बैल

साध्या मोटारीत एकच इंजिन असते. ते पेट्रोलवर चालते. हायब्रिड गाडीत इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते आणि वीज साठवायला बॅटरी असते. जणू एका जुवाला दोन बैल. हळू चालायचे असेल तेव्हा विजेचा बैल ओढतो. जोर लागला की दोघे मिळून ओढतात.

अशी गाडी १९९७ सालच्या डिसेंबरात जपानमध्ये विक्रीला आली. तिचे नाव प्रिअस. टोयोटा कंपनीने ती काढली. मोठ्या संख्येने बनवलेली ही पहिली हायब्रिड मोटार. आता आपल्या देशातही अशा गाड्या बनतात.

या गाडीला घरी तारेने वीज द्यावी लागत नाही. मग बॅटरी भरते कशी? एक तर इंजिन ती भरते. दुसरी रीत मोठ्या युक्तीची आहे. साध्या गाडीत ब्रेक दाबला की चाके थांबतात आणि ब्रेक तापतात. पेट्रोल जाळून आणलेला वेग उष्णता होऊन वाया जातो. हायब्रिड गाडीत ब्रेक दाबला की तीच मोटर उलटे काम करते. चाकांच्या वेगातून ती वीज तयार करते आणि बॅटरीत टाकते. शेतातून वाहून जाणारे पाणी पुन्हा विहिरीत सोडावे, तसे हे आहे. सगळे पाणी परत येत नाही. काही येते. तेवढी बचत.

तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवा. या गाडीत येणारी सगळी शक्ती शेवटी पेट्रोलचीच आहे. गाडी पेट्रोल निर्माण करत नाही. वाया जाणारे वाचवते, एवढेच.

परीक्षा कशी घेतात?

जाहिरातीतला २८ चा आकडा कोठून येतो? गाडी बाजारात येण्याआधी तिची परीक्षा घेतात. अशी परीक्षा घेणारी मोठी संस्था आपल्या पुण्यात आहे. तिचे नाव ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. ती १९६६ साली स्थापन झाली. लोक तिला "एआरएआय" म्हणतात.

या परीक्षेत गाडी रस्त्यावर जात नाही. ती एका बंद खोलीत मोठ्या रुळांवर उभी करतात. चाके फिरतात, खाली रूळ फिरतात, पण गाडी जागची हलत नाही. किती वेगाने चालवायचे, कधी थांबायचे, हे आधी ठरलेले असते. सुमारे २० मिनिटे गाडी तशी चालवतात. वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. मागून निघणारा धूर गोळा करतात आणि त्यावरून किती पेट्रोल जळले ते काढतात. कंपन्या आजवर जो आकडा सांगत आल्या, तो थंड हवेचे यंत्र बंद ठेवून काढलेला आहे.

ही परीक्षा निरुपयोगी नाही. सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजल्या म्हणजे कोणती सरस, कोणती कमी, हे कळते. पण खोलीत घाट नसतो. खड्डे नसतात. सात माणसे आणि टपावर सामान नसते. म्हणून रस्त्यावर तेवढा आकडा सहसा येत नाही.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत २००४ च्या प्रिअस गाडीवर सरकारी आकडा होता, शहरात गॅलनमागे ६० मैल. लोकांना तेवढे मिळेना. पुढे सरकारने मोजण्याची रीत बदलली. जास्त वेग, थंड हवेचे यंत्र आणि कडक थंडी यांचा हिशेब त्यात धरला. २००८ पासूनच्या या नव्या रीतीने त्याच गाडीचा आकडा ४८ मैल झाला. आपल्या मापात सांगायचे तर लिटरमागे सुमारे साडेपंचवीस किलोमीटरचे साडेवीस झाले. गाडी तीच, फक्त मोजमाप खरे झाले.

कॅलिफोर्नियात एका बाईंनी तर एका मोटार कंपनीला कोर्टात खेचले. ५० मैल सांगितले होते आणि गाडी ३० च्या आसपासच जाते, अशी त्यांची तक्रार होती. २०१२ च्या फेब्रुवारीत लहान दाव्यांच्या कोर्टाने त्यांना ९,८६७ डॉलर भरपाई देवविली. पण मे महिन्यात वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. बाईंच्या हाती काही आले नाही. म्हणून भांडण मागाहून करण्यापेक्षा हिशेब आधी केलेला बरा.

कोठे वाचते, कोठे वाचत नाही?

हायब्रिड गाडीची खरी बचत शहरात होते. तेथे गाडी घडोघडी थांबते. सिग्नलला इंजिन बंद होते. ब्रेक दाबला की वीज मिळते. साधी गाडी जेथे पेट्रोल उधळते, तेथे ही गाडी राखते.

मोकळ्या हमरस्त्यावर तसे होत नाही. ब्रेकच लागत नाही, तर वीज परत कोठून मिळणार? तेथे इंजिनालाच ओढावे लागते. शिवाय वेग वाढला की वारा अडवतो. वेग दुप्पट केला तर वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. म्हणून ताशी १०० ने जाणाऱ्याला ८० ने जाणाऱ्यापेक्षा जास्त पेट्रोल लागते.

घाटाची गोष्ट आणखी वेगळी. या गाडीची बॅटरी लहान असते. चढावर ती लवकर रिकामी होते. मग इंजिन एकटेच ओढते. उतारावर ती भरते. पण अर्ध्या उतारातच भरली, तर पुढची वीज ठेवायची कोठे? भरलेल्या हौदात आणखी पाणी मावत नाही.

कडक उन्हात थंड हवेचे यंत्र, चाकांत कमी हवा, टपावरचे ओझे, वारंवार जोरात वेग वाढवणे, या सगळ्यांनी आकडा खाली येतो. आपल्या उसाच्या मळीपासून आणि रसापासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळतात. लिटराला लिटर धरले, तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा शक्ती कमी असते. त्यामुळेही थोडा फरक पडतो.

आणखी एक सावधगिरी. काही गाड्यांवर हायब्रिड असे लिहिलेले असते, पण त्यांतली विजेची मोटर फार लहान असते. ती इंजिनाला हातभार लावते, एकटी गाडी ओढू शकत नाही. अशा गाडीत बचतही थोडीच होते. "इंजिन बंद ठेवून ही गाडी नुसत्या विजेवर चालते का?" असे स्पष्ट विचारावे.

वहीत काय निघाले?

आता त्या बाईंकडे वळू. त्यांचा भाचा कल्याणला राहतो. त्याच्याकडे तशीच हायब्रिड गाडी आहे. बाईंनी त्याला फोन केला आणि म्हणाल्या, "बाबा, पेट्रोल भरशील तेव्हा टाकी काठोकाठ भर. मीटरवरचा आकडा आणि लिटर मला सांगत जा."

ही रीत सोपी आणि खरी आहे. एकदा टाकी पूर्ण भरावी. मीटरचा आकडा लिहावा. गाडी वापरावी. पुन्हा टाकी पूर्ण भरावी. दुसऱ्यांदा जितके लिटर बसले, तितके पेट्रोल मधल्या प्रवासात जळले. शक्य तर पंपही तोच ठेवावा.

बाईंच्या वहीत असे लिहिलेले होते:

पहिली खेप, कल्याण शहरात: ४८० किलोमीटर, २० लिटर. लिटरला २४.
दुसरी खेप, घाट आणि हमरस्ता, गाडी भरलेली: ५७० किलोमीटर, ३० लिटर. लिटरला १९.
एकूण: १,०५० किलोमीटर, ५० लिटर. लिटरला २१.

येथे एक चूक पुष्कळ लोक करतात. २४ आणि १९ यांची बेरीज करून निम्मे करतात. ते साडेएकवीस येते. ते बरोबर नाही. सगळे किलोमीटर एकत्र करावे, सगळे लिटर एकत्र करावे आणि मग भागावे.

आता महिन्याला २,१०० किलोमीटर गाडी चालेल असे धरू. हिशेब सोपा जावा म्हणून पेट्रोल १०० रुपये लिटर धरू.

साध्या गाडीला १४ च्या हिशेबाने १५० लिटर लागतील.
हायब्रिडला कागदावरच्या २८ ने ७५ लिटर लागतील.
हायब्रिडला वहीतल्या २१ ने १०० लिटर लागतील.

मुलाने धरलेली बचत महिन्याला ७५ लिटर, म्हणजे ७,५०० रुपये. त्या हिशेबाने तीन लाख रुपये ४० महिन्यांत वसूल होतात. पण खरी बचत ५० लिटर, म्हणजे ५,००० रुपये. त्याला ६० महिने लागतात. म्हणजे पाच वर्षे. कर्जाचे हप्तेही पाच वर्षांचेच होते, आणि त्यांवर व्याज निराळे.

मुलाची चूक कोणती झाली? त्याने साध्या गाडीचा आकडा रस्त्यावरचा धरला आणि हायब्रिडचा आकडा कागदावरचा धरला. एका पारड्यात निवडलेले धान्य आणि दुसऱ्या पारड्यात कोंड्यासकट धान्य घालून तोलल्यासारखे झाले. कागदाची तुलना कागदाशी करावी. रस्त्याची तुलना रस्त्याशी करावी.

गाडी वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. १५० लिटरच्या जागी १०० लिटर लागणे म्हणजे पेट्रोल तिसऱ्या हिश्शाने कमी. ही बचत मोठी आहे. आपल्या देशाला लागणारे बहुतेक खनिज तेल परदेशातून आणावे लागते. तेव्हा वाचलेला लिटर देशाच्याही कामी येतो. महिन्याला ४,२०० किलोमीटर चालवणाऱ्याचे तेच तीन लाख ३० महिन्यांत वसूल होतील. ज्याची गाडी दारात उभी राहते, त्याचे कधीच होणार नाहीत.

मुलगा वही हातात घेऊन बराच वेळ बसला. मग म्हणाला, "आई, एवढं रनिंग आत्ता माझं नाही. आधी साधी गाडी घेतो. धंदा वाढला की बघू."

बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "पाटल्या कुठं पळून जात न्हाईत. पण ही वही आता तू लिहायची. पहिल्या दिवसापासनं."

शब्दांचे अर्थ

ॲव्हरेज: एका लिटरमागे गाडी चालते ते अंतर.
हमरस्ता: मोठा, मुख्य रस्ता.
खेप: एक फेरी; येथे एकदा भरलेल्या टाकीवरचा प्रवास.
वसूल होणे: घातलेले पैसे परत मिळणे.

उत्तरे लिहा

१. हायब्रिड गाडीत ब्रेक दाबल्यावर काय होते?
२. ही गाडी शहरात जास्त बचत का करते?
३. एका गाडीने पहिल्या खेपेला ३०० किलोमीटरला १५ लिटर आणि दुसऱ्या खेपेला ४०० किलोमीटरला २५ लिटर पेट्रोल घेतले. एकूण ॲव्हरेज किती?
४. आपल्या घरी किंवा शेजारी मोटारसायकल असेल, तर एक महिना टाकीचा हिशेब वहीत लिहा. तो वर्गात वाचून दाखवा.