चावीतला परवलीचा शब्द

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांची रजा संपली आणि ते पहाटेच रिक्षाने स्टेशनवर गेले. त्याच दिवशी आजोबांना डोळे तपासायला महूहून इंदूरला न्यायचे होते. गाडी दारात उभी, पण चावी कुठेच मिळेना. दुपारी बाबांचा फोन आला, "अगं, चावी माझ्याच खिशात राहिली!"

ही गाडी आम्ही जुनी घेतली होती. चावी एकच मिळाली होती. "दुसरी हरवली," असे विकणाऱ्याने सांगितले आणि आम्ही तो विषय तिथेच सोडला. आता बाबांनी कुरियरने पाठवलेली चावी पोहोचायला पाच दिवस लागले आणि आजोबांची तपासणी पुढे गेली. चावी हातात येताच आई म्हणाली, "आधी दुसरी चावी करून घ्यायची."

बाजारातल्या चावीवाल्याने पाते हुबेहूब कापून दिले. दार उघडले, चावी फिरली, इंजिन सुरू झाले आणि दोन सेकंदांत बंद पडले. डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकू लागला. असे का झाले, ते मी नंतर समजून घेतले. मित्रांनो, तेच इथे सांगतो.

चावी कशी ओळखली जाते?

आपल्याकडे रात्री पहारेकरी "थम! कौन आता है?" असे विचारतो. अंगावर गणवेश असला तरी परवलीचा शब्द सांगावाच लागतो. गाडीचेही तसेच आहे. चावीचे पाते म्हणजे गणवेश. परवलीचा शब्द असतो चावीच्या मुठीत बसवलेल्या छोट्या चिपमध्ये. तिलाच ट्रान्सपॉन्डर म्हणतात. ट्रान्समीटर आणि रिस्पॉन्डर हे दोन शब्द जोडून हे नाव तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात विमान मित्राचे की शत्रूचे हे रडारला कळावे म्हणून विमानांत असेच उत्तर देणारे यंत्र बसवत.

या चिपला बॅटरी लागत नाही. चावी लावण्याच्या जागेभोवती तारेचे वेटोळे असते. त्यातून बहुधा १२५ किलोहर्ट्झच्या लहरी निघतात आणि त्यांवरच चिपला वीज मिळते. मग गाडी एक आकडा पाठवते, चिप आपल्या गुप्त आकड्याच्या मदतीने गणित करून उत्तर देते. उत्तर जुळले तरच इंजिन चालू राहते. दार उघडझाप करणारे रिमोटचे बटण ही वेगळी व्यवस्था आहे. तिला मात्र बॅटरी लागते.

हे कुलूप अभेद्य नाही. एका प्रकारच्या चिपमधला गुप्त आकडा ४० बिटांचा होता, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. तरीही २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी तो शोधून दाखवला. म्हणून नव्या चिपमध्ये अधिक मोठे आकडे वापरतात.

वर्कशॉपमध्ये काय घडले?

पहिला प्रश्न आला, "आरसी कोणाच्या नावावर?" बाबांनी गाडी घेताना फॉर्म २९ आणि ३० भरून ती आपल्या नावावर करून घेतली होती, म्हणून निभावले. तरी मालक स्वतः हजर नसल्यामुळे त्यांचे सहीचे पत्र आणि ओळखपत्राची प्रत मागवावी लागली.

मग मेकॅनिक काकांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला आणि विचारले, "चाव्या किती आहेत तुमच्याकडे?"

"एकच," आई म्हणाली.

"गाडीत तर दोन नोंदलेल्या आहेत."

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. म्हणजे आमची गाडी सुरू करू शकणारी आणखी एक चावी कुठेतरी होती! ती खरेच हरवली असेल, किंवा कोणाच्या तरी खणात पडली असेल. काकांनी जुन्या सगळ्या नोंदी पुसल्या, आमची चावी आणि नवी चिप असलेली चावी अशा दोनच पुन्हा नोंदवल्या आणि दोन्हींनी इंजिन सुरू करून दाखवले. ते म्हणाले, "ती जुनी चावी दार अजूनही उघडेल, पण इंजिन नाही. म्हणून गाडीत किमती वस्तू ठेवू नका."

जुनी गाडी घेताना लक्षात ठेवा

१. दोन्ही चाव्या आणि चावीच्या क्रमांकाची पट्टी मागून घ्या. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सहसा सगळ्या चाव्या मागते.

२. आरसी लगेच आपल्या नावावर करून घ्या.

३. एक चावी चालू असतानाच दुसरी करून घ्या. सगळ्याच हरवल्या तर काम अवघड होते आणि खर्चही वाढतो.

४. चावी हरवली तर पोलिसांत नोंद करून तिची प्रत जपून ठेवा.

५. नवी चावी नोंदवताना घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या आणि जुन्या नोंदी पुसायला सांगा. पहारा बदलला की परवलीचा शब्दही बदलायला हवा.

आजोबांचे डोळे पुढच्याच आठवड्यात तपासून झाले. दुसरी चावी आता देवघराशेजारच्या खुंटीवर असते. दिवाळीची रजा संपवून बाबा निघाले, तेव्हा आईने आधी त्यांचे खिसे तपासले.