भुताच्या गोष्टीवर शाळेत मत मांडावं का?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. वर्गात वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचंय, तर तिनं नारायण धारपांची भयकथा निवडली. चालेल का?
– एक पालक, मुलचेरा

उत्तर : खुशाल बोलू द्या. फक्त ‘लय भीती वाटली’ एवढ्यावर थांबू देऊ नका. भीती नेमकी कुठं सुरू झाली? लेखकानं काय दाखवलं, काय लपवलं? भूत दिसेपर्यंतच गोष्ट रंगते, असं माझं मत. तिचं वेगळं असेल तर तिनं जरूर भांडावं. धारपांच्या ‘आजी’ या कथेचा धागा 2018च्या ‘तुंबाड’ चित्रपटात आहे, हे सांगितलं की वर्ग कान टवकारेल. जोडीला रत्नाकर मतकरी द्या: ‘गहिरे पाणी’तल्या गूढकथा लिहिणाऱ्यानंच ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण मुलांना हसवायला रंगमंचावर आणली. तुमच्या तालुक्यात बंगाली कुटुंबं बरीच. वर्गातल्या बंगाली मैत्रिणीला ‘ठाकुरमार झुली’ या बंगाली लोककथासंग्रहातल्या राक्षसिणींबद्दल विचारायला सांगा. तुलना आयती मिळेल.

एका बाबतीत मात्र सैल राहू नका. पुस्तकातली चेटकीण वेगळी आणि गावातल्या एखाद्या बाईकडं बोट दाखवणं वेगळं. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. हे मुलीशी आधी घरीच बोला.