झटका दिला की अडकतो, म्हणजे बेल्ट चांगला?

प्रश्न : गेल्या महिन्यात कल्याण-शीळ रस्त्यावर पुढच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला आणि आमची गाडी त्याच्यावर आदळली. एअरबॅग उघडल्या नाहीत. पुढे आम्ही दोघं होतो, दोघांनीही बेल्ट लावले होते. खांद्यावर वळ उठले, एवढंच. बंपर, बॉनेट, रेडिएटर बदलून झालं. बेल्टचं विचारलं तर गॅरेजवाल्याने झटक्यात ओढून दाखवला. म्हणाला, 'बघा, अडकतोय. उगाच कशाला खर्च?' त्याचं बरोबर आहे का?
— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : नाही. गॅरेजवाला खोटं बोलत नाहीये, पण त्याने बेल्टची सगळ्यात सोपी परीक्षा घेतली. झटक्याने अडकणं हे गुंडाळीतल्या खटक्याचं काम, आणि तो अपघातानंतरही शाबूत राहू शकतो. जे खर्ची पडतं ते त्याच्या आत असतं.

आजच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या बेल्टला प्रिटेन्शनर असतो. सरळ सांगायचं तर तो एक छोटा फटाका. धडक बसली की डोळ्याची पापणी लवायच्या आत तो उडतो आणि सैल पट्टा मागे खेचून तुम्हाला सीटला आवळून धरतो. एअरबॅग न उघडताही तो उडू शकतो. उडालेला फटाका पुन्हा उडत नाही, पण खटका मात्र पहिल्यासारखा अडकत राहू शकतो.

दुसरा भाग लोड लिमिटर. बेल्टने छाती घट्ट धरून ठेवली तर बरगड्या मोडतील, म्हणून गुंडाळीच्या मधोमध एक पोलादी दांडी असते. जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती पिळत जाते आणि पट्टा थोडा थोडा सोडते. पिळलेली दांडी सरळ होत नाही. पुढच्या धडकेत ती सोडवणूक तुमच्या वाट्याला पूर्ण येईलच असं नाही. खुद्द पट्टाही ताणला गेलेला असतो. तुमच्या खांद्यावरचे वळ हाच त्याचा पुरावा, वेगळा दाखला नको.

आता गाडीत बसून बघा. पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा आणि उजेडात धरा. कुठे लाटा पडल्यात का, चकाकी आलीय का, धागे वितळल्यासारखे दिसतात का? खांबावरच्या ज्या कडीतून पट्टा येतो, तिच्या प्लास्टिकवर घासल्याचे ओरखडे आहेत का? मग दोन्ही बकलं शेजारी शेजारी बघा. काही गाड्यांत प्रिटेन्शनर बकलाच्या बाजूला असतो. तो उडाला की बकल दोन-चार बोटं खाली जातं आणि त्याच्या खालचं आवरण पेटीच्या भात्यासारखं चुरगळतं. मात्र यातलं काहीच दिसलं नाही म्हणून बेल्ट पास झाला असं समजू नका.

एअरबॅगचा दिवाही तपासा. इग्निशन ऑन केल्यावर तो काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटतच राहिला तर यंत्रणेत बिघाड आहे. आणि मुळीच पेटला नाही तर जास्त काळजी करा, कारण बिघाड दुरुस्त करण्याऐवजी दिवाच गप्प करणारे कारागीर असतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून एअरबॅग मॉड्यूलमधल्या नोंदी वाचून घ्या, आणि तो अहवाल कागदावर मागा.

बदलताना अपघाताच्या वेळी अंगावर असलेला प्रत्येक बेल्ट बकलासकट बदला, आणि बाकीचे निदान तपासून घ्या. चासी नंबर देऊनच पार्ट मागवा. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटमध्ये बेल्ट वेगळे असू शकतात. भंगारातल्या गाडीचा बेल्ट स्वस्त मिळेल, पण ती गाडी भंगारात का गेली, हे विकणारा सांगत नाही. फाटलेला पट्टा शिवून देणाऱ्याकडे तर जाऊच नका. पार्किंगमध्ये बंपर घासला असता तर मी यातलं काही सुचवलं नसतं.

विम्याचं म्हणाल तर क्लेम बंद झाला नसेल तोवर पूरक एस्टिमेट देऊन सर्व्हेअरला गाडी दाखवा. नेहमीच्या पॉलिसीत पार्टच्या किमतीतून घसारा कापतात, एअरबॅगवर तर थेट ५० टक्के. झिरो डेप घेतलं असेल तर ही कपात टळते. गाडीत लहान मुलाची सीट होती का, तुम्ही लिहिलेलं नाही. असली तर मोठ्या धडकेनंतर तीही बदलायची असते.

मागच्या बेल्टबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. २०१४ पर्यंत हा भाग आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. गाडी महागडी, एअरबॅगवाली. पुढचे दोघं जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं.

तेव्हा गॅरेजवाल्याला एकच सांगा : 'बेल्ट चालतोय, हे बिलावर लिहून सही करून दे.' बहुधा तोच नवीन बेल्टची किंमत काढायला बसेल.