सातवा महिना आणि सव्वा महिना



सोलापूर जिल्ह्यातील केमच्या पंचक्रोशीत आरोग्यसेविका म्हणून रुजू होणाऱ्या माझ्या भाचीच्या वहीत लसीकरण, लोहाच्या गोळ्या, वजन आणि रक्तदाब यांच्या नोंदी आपसूक भरत जातील. परंतु गर्भवतीच्या रक्तातील साखर ही अशी बाब आहे की तिच्यामुळे बहुधा ना काही दुखते, ना काही दिसते, आणि म्हणूनच ती मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाही. गर्भारपणातच प्रथम आढळणाऱ्या या विकारास गर्भावस्थेतील मधुमेह म्हणतात. त्याचा विचार सामान्यतः आईच्या प्रसूतीपुरता केला जातो. वास्तविक त्याचा दीर्घ हिशेब पोटातल्या बाळाच्या शरीरात, आणि तोही पुढील वीस-तीस वर्षांत, उलगडत असतो.

या विकाराचे कारण गावात एका वाक्यात सांगितले जाते, ते म्हणजे सुनेने डोहाळ्यांत गोड फार खाल्ले. हे कारण अपुरे आहे आणि ते बोलून दाखवणे क्रूरपणाचेही आहे. गर्भाचे पोषण करणारी वार जी संप्रेरके, म्हणजे रक्तातून दूरवर आज्ञा पोहोचवणारी द्रव्ये, तयार करते, त्यांच्यामुळे गर्भारपणाच्या उत्तरार्धात आईचे शरीर इन्सुलिनला पूर्वीइतकी दाद देत नाही. साखर पेशींत पोहोचवणारे हे द्रव्य मग स्वादुपिंडाला अधिक प्रमाणात तयार करावे लागते, आणि ज्या स्त्रीच्या स्वादुपिंडाला तेवढे जमत नाही तिच्या रक्तात साखर साचते. ही साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचे इन्सुलिन जात नाही. परिणामी बाळाचे स्वतःचे कोवळे स्वादुपिंड जादा इन्सुलिन करू लागते, आणि इन्सुलिन हे वाढीचे व चरबी साठवण्याचेही द्रव्य असल्याने बाळाच्या अंगी मेद चढतो. डेन्मार्कमधील यॉर्गेन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात मांडलेला हा विचार पुढे बहुतांशी टिकून राहिला. नाळ कापताच साखरेचा ओघ थांबतो, इन्सुलिन मात्र तत्काळ ओसरत नाही, म्हणून अशा बाळाची साखर जन्मानंतरच्या पहिल्या तासांत धोकादायक रीतीने उतरू शकते; पहिल्या तासाभरात स्तनपान सुरू करण्याचा आग्रह येथे दुप्पट महत्त्वाचा ठरतो.

मधुमेह घराण्यात असतोच, मग गर्भाशयाला दोष का द्यावा, अशी शंका कोणीही घेईल आणि ती रास्त आहे. तिचे सर्वांत समाधानकारक उत्तर अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतातल्या पिमा आदिवासींच्या अभ्यासातून २००० साली मिळाले. तेथे एकाच आईची मुले एकमेकांशी ताडून पाहिली गेली: आईला मधुमेह होण्यापूर्वी जन्मलेली आणि नंतर जन्मलेली. नंतरच्या भावंडांत मधुमेहाचे प्रमाण स्पष्टपणे अधिक निघाले. वडिलांच्या मधुमेहाच्या बाबतीत मात्र आधीच्या व नंतरच्या मुलांत असा फरक आढळला नाही. वारसा दोघांनाही सारखाच मिळण्याची शक्यता असताना फरक पडला तो गर्भाशयातील वातावरणाने. हे वातावरण जनुके बदलत नाही, तर कोणते जनुक किती वापरायचे हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा बदलत असावे, असे मानले जाते.

परदेशी पुस्तकांत अशा बाळाचे चित्र चार किलोंहून अधिक वजनाचे, गोल चेहऱ्याचे असते, आणि तेच डोळ्यांपुढे ठेवून सोलापूर जिल्ह्यात शोध घेतला तर बहुतेक बाळे निसटतील. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गर्भवतींचा जो अभ्यास सुरू केला, त्यात नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलोंच्या आसपास, म्हणजे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा जवळजवळ पाऊण किलोने कमी होते. तरीही ही तूट मुख्यतः स्नायूंत व पोटातील अवयवांत होती, त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. दिसायला रोड आणि आतून मेदल अशी ही बाळे होत. तीच मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा साखरेचे प्रमाण वाढलेल्यांची संख्या मुलग्यांत ३७ टक्के व मुलींत १८ टक्के निघाली, आणि एकूण मुलामुलींपैकी जवळपास निम्म्यांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते. म्हणजे कुपोषण आणि मधुमेह ही दोन टोके असल्याचा समज या मुलखात लागू पडत नाही. लहानपणी अर्धपोटी वाढलेल्या मुलीचे स्वादुपिंड गर्भारपणाचा भार पेलताना कमी पडते, आणि तिच्या साखरेची झळ तिच्या बाळाला लागते. म्हैसूर येथे १९९७-९८ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात गर्भावस्थेतील मधुमेह असलेल्या मातांच्या मुली पाचव्या वर्षीच अधिक मेदाच्या दिसल्या, आणि साडेनऊ वर्षांपर्यंत मुलग्यांतही इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणे उमटली. तेव्हा केममध्ये कुंकवाच्या कारखान्यात दिवसभर बसून काम करणारी सडपातळ स्त्री ‘हिला कसली साखर’ या वाक्यावर तपासणीतून सुटता कामा नये.

तपासणी अवघड नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुरस्कारलेली आणि केंद्र शासनाने स्वीकारलेली पद्धत अशी की, पोट रिकामे असो वा भरलेले, ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात पाच-दहा मिनिटांत पाजावे आणि दोन तासांनी साखर मोजावी. ती १४० मिलिग्रॅम किंवा अधिक भरली तर गर्भावस्थेतील मधुमेह समजावा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. ही चाचणी पहिल्या नोंदणीच्या वेळी एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा व्हायची असते, आणि नेमकी येथेच खरी अडचण उभी राहते, कारण पहिलटकरीण माहेरी जाण्याचा काळही साधारण हाच. सासरच्या सेविकेला वाटते की चाचणी माहेरी होईल. माहेरची सेविका ती आधीच झाली असे धरून चालते. पुढे प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासायची, तर सव्वा महिना नुकताच उलटलेला असतो आणि बाळंतीण सासरी परतण्याच्या तयारीत असते. रूढी वाईट नाही, माहेरची विश्रांती तर मोलाचीच. परंतु दोन्ही महत्त्वाच्या तपासण्या दोन घरांच्या मधल्या वाटेवर पडतात, हे आरोग्यसेविकेने ओळखले नाही तर दुसरे कोण ओळखणार? माता-बाल संरक्षण कार्डावर साखरेचा आकडा व तारीख ठळक लिहून ते कार्ड बाईच्या पिशवीत गेल्याची खात्री करणे आणि माहेरच्या गावच्या आशाताईंना दूरध्वनी करणे, हे काम कोणत्याही अहवालात मोजले जाणार नाही, तरीही ते केले पाहिजे.

साखर वाढलेली निघाली तर पहिले दोन आठवडे आहार आणि चालणे यांवरच भर असतो, आणि त्यानंतरही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० किंवा त्याहून अधिक राहिली तर डॉक्टर औषध किंवा इन्सुलिन सुरू करतात. आहार सांगताना उपाशी ठेवण्याचा अर्थ निघू नये. ज्वारीची भाकरी, मटकी, हुलगे, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी, ताक हे या भागाचे नेहमीचे जेवण त्या स्त्रीला मानवणारेच आहे. त्रास होतो तो साखरेच्या चहाबरोबरच्या बिस्किटांचा, केळ्यांच्या शिकरणीचा, आणि ‘दोन जिवांची आहे’ म्हणून ताटात दुसऱ्यांदा पडणाऱ्या भाताचा. बाळंतपणानंतरचे डिंकाचे व अळिवाचे लाडू पूर्ण बंद करण्याचा हुकूम सोडला तर सासू आणि आई दोघीही सेविकेला दारात उभे करणार नाहीत; लाडू लहान वळावा, गूळ कमी घालावा, एवढे मान्य झाले तरी पुष्कळ साधले.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. उपचारांमुळे अतिवजनाची बाळे आणि प्रसूतीच्या अडचणी कमी होतात, हे ऑस्ट्रेलियात व अमेरिकेत झालेल्या चाचण्यांनी सिद्ध केले आहे. परंतु त्याच मुलांचे पुढे काही वर्षांनी वजन पाहिले असता, उपचार झालेल्या व न झालेल्या मातांच्या मुलांत म्हणावा तसा फरक दिसला नाही. उपचार बहुधा सहाव्या-सातव्या महिन्यात सुरू होतात, तोवर बराच काळ निघून गेलेला असतो, हे त्याचे एक संभाव्य कारण होय. म्हणून औषध घेतले म्हणजे बाळाचे पुढचे सारे निभावले, असे आश्वासन कोणालाही देऊ नये. बाळाची खरी राखण जन्मानंतर सुरू होते, आणि अंगणवाडीची वजननोंद मुख्यतः कमी वजन शोधण्याच्या दृष्टीने पाहिली जात असल्याने गुटगुटीत पोराकडे सगळे कौतुकानेच पाहतात. ज्या मातांना हा विकार झाला त्यांच्या मुलांची वेगळी यादी ठेवावी, त्यांचे वजन उंचीशी ताडून पाहावे, आणि शाळेत जाऊ लागल्यावर शालेय आरोग्य तपासणीच्या पथकाला ती यादी दाखवावी. आईचीही साखर दरवर्षी तपासली जावी, कारण अशा स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या कित्येक पट असतो. आणि दुसऱ्या बाळाचा विचार सुरू झाला की गर्भ राहण्यापूर्वीच ती तपासणी व्हावी, एवढे तिच्या नवऱ्यासमोर बसून सांगावे.