पिकअपच्या ऑइल फिल्टरचे आटे गेले तर काय करायचं?

मासेमारी बंदीच्या काळात आपण होडी ओढून घेतो, जाळी शिवतो, इंजिन उघडतो. मासळी वाहणारी पिकअप मात्र तशीच उभी राहते. म्हणून आजचा धडा तिच्यासाठी.

मागच्या हंगामात आमची पिकअप पहाटे बेतूलहून मडगावला निघाली होती. मागे बर्फात बांगडा भरलेला. वाटेत डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. ड्रायव्हरने "बाजार गाठूया, मग बघू" असं म्हटलं नाही, त्याच क्षणी इंजिन बंद केलं. खाली वाकून बघितलं तर रस्त्यावर ऑइलची धार आणि फिल्टर हाताने हलतोय. मासळी दुसऱ्या गाडीत घालून पाठवली. भाडं गेलं, पण इंजिन वाचलं.

कारण काय निघालं?
दुकानातून दिसायला सारखाच, पण दुसऱ्या आट्यांचा फिल्टर आला होता. फिल्टर ज्या पोकळ स्टडवर बसतो, त्याची दोन मापं फार जवळची आहेत: एक 20 मिमी व्यास आणि 1.5 मिमी आट्यांचं अंतर, दुसरं पाऊण इंच व्यास आणि इंचाला 16 आटे. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिमी. त्यामुळे 20 चा फिल्टर पाऊण इंची स्टडवर चढतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, पण आटे नुसते टोकाला धरतात. ऑइलचा दाब आला की सुटतात. नवा फिल्टर घेताना जुना सोबत न्या आणि नंबर जुळवा.

आधी बघा, कुठले आटे गेले?
गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून उभी करा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. इंजिन थंड होऊ द्या.

1. फिल्टरच्या आतले आटे गेले: फिल्टर टाकून द्या, दुरुस्ती करू नका.
2. स्टडचे पहिले एक-दोन आटे दबले: बारीक तिकोनी कानशीने साफ होतात, किंवा त्याच मापाची डाय हलक्या हाताने फिरवा. त्याहून जास्त गेले असतील तर स्टड बदला.
3. स्टड ज्यात बसतो त्या अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले: हे घरचं काम नव्हे. लेथवाल्याकडून स्टीलचा इन्सर्ट बसवून घ्या, नाहीतर हेड बदला.

सगळ्यात मोठा धोका: चुरा
बहुतेक इंजिनांत ऑइल फिल्टरच्या कडेच्या भोकांतून आत जातं आणि गाळून मधल्या स्टडमधून इंजिनात परततं. म्हणजे स्टडमध्ये पडलेला चुरा सरळ बेअरिंगपर्यंत जातो, मध्ये गाळणारं काही नाही. कानस लावण्याआधी स्टडच्या भोकात ग्रीस लावलेलं फडकं घट्ट कोंबा, कडेची भोकंही झाका. काम झाल्यावर सगळं पुसा आणि फडकी मोजून बाहेर काढा. नुसतं लोहचुंबक फिरवून चालणार नाही, अॅल्युमिनियम त्याला चिकटत नाही.

स्टड बदलताना
काही स्टडना आतून अॅलन की लागते. नसेल तर त्याच आट्यांचे दोन पातळ नट एकमेकांवर आवळून स्टड फिरवा. पाइप पाना लावलात तर आटे चेचतात, म्हणून तो टाकून द्यायच्या स्टडलाच लावा. नव्या स्टडच्या फक्त हेडकडच्या बाजूला थ्रेडलॉक लावा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ थांबा.

टेफ्लॉन टेप, पुट्टी, दोरा काही गुंडाळू नका. फिल्टरची गळती रबर रिंग थांबवते, आटे नव्हे. टेपचे तुकडे मात्र ऑइलची वाट अडवतात.

फिल्टर बसवताना
जुनी रिंग हेडला चिकटून राहिली नाही ना, बोटाने बघा. दोन रिंगा एकावर एक आल्या की गळती ठरलेलीच. नव्या रिंगला ऑइल लावा आणि फिल्टर हातानेच फिरवा. सुरुवातीपासून अडला तर जोर करू नका, उलट फिरवून पुन्हा धरा. रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा हाताने आवळा, डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर तसं करा. पाना फक्त काढण्यासाठी.

ऑइल भरा, इंजिन रेस न करता चालू करा. काही सेकंदांत दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद. पाच मिनिटं चालवून खाली गळती बघा, मग इंजिन बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिक तपासा. पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा बघा.

दिवा लागलेला असताना गाडी पुढे चालवली असेल किंवा इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज येत असेल, तर नुसतं ऑइल भरून निघू नका, मेकॅनिकला दाखवा.

होडीवाल्यांसाठी
तुमच्या डिझेल इंजिनवर असाच फिरवून बसणारा फिल्टर असेल तर हे सगळं तिथेही लागू आहे. फरक एवढाच की समुद्रात लेथवाला मिळत नाही. बरोबर नंबरचा जादा फिल्टर आणि ऑइलचा कॅन होडीत असू द्या. मासळीचं खारं पाणी पिकअपखाली ठिबकतं, फिल्टरचं पत्र्याचं कवच गंजतं, म्हणून खालून गोड्या पाण्याने धुवा. आणि जुनं ऑइल कॅनमध्ये जमा करा, नदीत ओतू नका. त्याच पाण्यावर आपलं पोट आहे.

ही पोस्ट तुमच्या ड्रायव्हरलाही वाचून दाखवा.