स्टिअरिंग मध्येच जड होतं

प्रश्न : करोल बागेत वळताना कारचं स्टिअरिंग अचानक दगडासारखं जड झालं, स्टिअरिंगचा दिवाही लागला. गाडी बंद करून सुरू केली तर ठीक! दिवाळीला विट्याला न्यावी का?

उत्तर : अजिबात नको. बंद-चालू केल्याने इलेक्ट्रिक स्टिअरिंगची प्रणाली नव्याने सुरू होते, पण दोष तसाच राहतो. पुन्हा जड झालंच तर दोन्ही हातांनी जोर लावा, चाकं वळतात; वेग कमी करून कडेला या. धावत्या गाडीचं इंजिन मात्र बंद करू नका, ब्रेकचीही मदत जाईल.

आधी बॅटरी आणि अर्थिंग तपासा. व्होल्टेज कमी पडलं तरी असं होतं आणि हा इलाज सर्वांत स्वस्त. मग स्कॅनरवर फॉल्ट कोड. तो न पाहताच रॅक बदलायला सांगणारा मेकॅनिक टाळा. ऑगस्ट २०२४ मध्ये मारुतीने स्टिअरिंग गिअरबॉक्सच्या शंकेवरून २,५५५ अल्टो के१० परत बोलावल्या होत्या. तुमच्या कंपनीकडेही चासी नंबर देऊन विचारा.