घाट चढण्याआधी

इन्नंबूर (कुंभकोणम)

चि. बाळ यास,


तुझं पत्र पावलं. गाडी घेतलीस आणि आईला कोडाईकॅनलला न्यायचं ठरवलंस, वाचून समाधान वाटलं. पण जाता जाता एक ओळ लिहिलीस, की ओव्हरटेक करताना इंजिन ओरडतं, गाडी मात्र वेग घेत नाही. त्या ओळीने मला काळजीत टाकलं. हे क्लच घसरत असल्याचं लक्षण आहे.

आपला मुलूख कावेरीच्या गाळाचा, सपाट. स्वामिमलैच्या मुरुगनाच्या देवळासाठीसुद्धा इथे टेकडी बांधावी लागली, साठ पायऱ्यांची. अशा रस्त्यांवर गाडीला चढाचा भार कधी पडत नाही, त्यामुळे झिजलेला क्लच बरेच दिवस खपून जातो. कोडाईकॅनल सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या वळणावर, मागे बस येऊन ठेपलेली असताना, गाडी पुढे सरकेनाशी झाली तर काय करशील? म्हणून सपाटीवर चालते एवढ्यावर भरवसा ठेवू नकोस.

आधी परीक्षा घे. मोकळ्या जागी, पुढे-मागे कोणी नसताना हँडब्रेक घट्ट ओढ आणि उजवा पाय ब्रेकवर ठेव. इंजिन चालू करून चौथा गिअर टाक आणि रेस न देता क्लच हळूहळू सोड. इंजिन लगेच बंद पडलं तर पकड शाबूत आहे. पेडल पूर्ण सुटूनही ते चालूच राहिलं तर क्लच घसरतो आहे. तत्क्षणी पेडल पुन्हा दाब. ही परीक्षा एकदाच घ्यायची. पुन्हा पुन्हा केलीस तर उरलेली प्लेटही जळेल.

क्लच घसरतो म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवायला सांगू नकोस. तुझ्या गाडीला क्लचची केबल असेल तर आधी तिची ओढ तपासून घे. केबल जास्त ताणलेली असली की प्लेट पुरती दाबली जात नाही आणि चांगला क्लचही घसरतो. पेडलची मोकळी चाल किती हवी, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

लक्षणांची गल्लतही करू नकोस. पेडल पूर्ण दाबूनही गिअर करकरत पडत असेल, तर क्लच सुटत नाही. तिथे केबल किंवा क्लचचं तेल बघावं लागतं. पेडल दाबल्यावरच घरघर येत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. गाडी उचलताना थरथरत असेल, तर प्लेटवर तेल आलेलं असू शकतं.

केबल ठीक असूनही घसरत असेल, तर मात्र काम पुरतं करून घे. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदल. सुट्या भागांपेक्षा गिअरबॉक्स काढण्या-चढवण्याची मेहनत मोठी. बेअरिंगचे पैसे वाचवलेस आणि ते पुढे गेलं, तर तीच मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागेल. बॉक्स खाली असताना तू स्वतः वाकून फ्लायव्हील बघ. त्यावर निळसर डाग किंवा बारीक तडे दिसले तर मेकॅनिकला दाखव. इंजिनच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल पाझरत असेल तर सीलही तेव्हाच बदलून घे, नाहीतर नवी प्लेट तेलाने खराब होईल. आतली धूळ हवेच्या झोताने उडवू देऊ नकोस, ती छातीला वाईट.

आता सवयींचं. कुंभकोणमला कुंभेश्वराच्या देवळाच्या गल्लीत गर्दी असली की तू पाय क्लचवरच ठेवून बसतोस, मी पाहिलंय. अर्धा दाबलेला क्लच म्हणजे सतत घासली जाणारी प्लेट. गाडी थांबली की न्यूट्रल कर, पाय बाजूला ठेव. चढावर गाडी हँडब्रेकने धर, क्लचवर तोलू नकोस. हे सुधारलं नाहीस तर नवी प्लेटही टिकणार नाही.

आईला आताच काही सांगून घाबरवू नकोस. रविवारी गाडी घेऊन इकडे ये, ती एकदाची परीक्षा तेव्हाच दोघं मिळून घेऊ. काम निघालंच तर मेकॅनिककडे मी बरोबर येईन. नवा क्लच बसला तर काही दिवस सपाटीवर सांभाळून चालव आणि मगच कोडाईकॅनलची तारीख ठरव.

तुझा,
मामा